शिष्याचा प्रश्न : बिशप कोलेन्सो यांचें चरित्र

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शाळांमधून मुलांच्या हातीं जीं गणिताचीं पुस्तकें असत, त्यांत कोलेन्सो यांच्या अंकगणिताला व बीजगणिताला मोठा मान होता. तीं उदाहरणें सोडवितांना घाम गाळणाऱ्या कितीएक मुलांच्या स्वप्नींही नसेल कीं, हा गणिती पुढें आफ्रिकेंत बिशप झाला, त्याच्यावर स्वधर्मीयांनीं बहिष्कार घातला, आणि ज्या झुलू लोकांना धर्म शिकविण्यास तो गेला, त्यांनीं त्याला ‘सोबान्तु’, म्हणजे लोकांचा बाप, या नांवानें गौरविलें.

गणिताच्या वर्गांतली पहिली शिस्त अशी कीं, उत्तर आलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. ताळा पाहिला पाहिजे. ताळा जुळला नाहीं तर उत्तर कितीही आवडतें असो, पाटी पुसून पुन्हां मांडणी केली पाहिजे. ही शिस्त शाळेबाहेर पाळणारे लोक फार थोडे. कोलेन्सो यांनीं ती प्रथम धर्मग्रंथाला लावली व नंतर स्वतःच्या सरकारच्या कारभाराला लावली. दोन्ही वेळां ताळा जुळला नाहीं, दोन्ही वेळां त्यांनीं तसें स्पष्ट सांगितलें, आणि दोन्ही वेळां त्याची किंमत मोजली.

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म २४ जानेवारी १८१४ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉल परगण्यांतील सेंट ऑस्टेल या गांवीं झाला. हा मुलूख कथिलाच्या खाणींचा. वडिलांनीं अशाच एका खाणींत भांडवल गुंतविलें होतें. खाणींत पाणी शिरलें व तें भांडवल बुडालें. त्यामुळें ऐन तारुण्यांत मुलावर शाळेंत साहाय्यक शिक्षकाचें काम करण्याची पाळी आली. पुढें मोठ्या काटकसरीनें त्यांनीं केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत शिक्षण घेतलें, आणि सन १८३६ मध्यें गणिताच्या परीक्षेंत ते सबंध विद्यापीठांत दुसरे आले. या परीक्षेंत पहिल्या वर्गांत येणाऱ्यास रँग्लर म्हणतात. सन १८९९ मध्यें रघुनाथराव परांजपे यांनीं याच परीक्षेंत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविला, तेव्हांपासून हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचला आहे. त्यावरून कोलेन्सो यांच्या बुद्धीची योग्यता सहज ध्यानीं येईल.

सन १८३८ मध्यें ते हॅरो येथील प्रसिद्ध शाळेंत गणिताचे शिक्षक झाले. तेथें त्यांच्या घराला आग लागून सर्वस्व गेलें आणि डोक्यावर मोठें कर्ज झालें. केंब्रिजला परत येऊन त्यांनीं शिकवण्या केल्या, आणि शाळांसाठीं गणिताचीं पुस्तकें लिहिलीं. त्यांतील अंकगणित सन १८४३ मध्यें प्रसिद्ध झालें. या पुस्तकांच्या प्राप्तींतून ते कर्जांतून वर आले. सन १८४६ मध्यें सेरा फ्रान्सिस बन्यन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व नॉर्फोक परगण्यांतील एका खेड्यांत ते धर्मोपदेशक म्हणून राहूं लागले. बागबगीचा, पोथी व प्रपंच यांत त्यांचें उरलेलें आयुष्य तेथें सुखानें गेलें असतें. परंतु सन १८५३ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ या वसाहतीचे पहिले बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या प्रांताचें नांव ऐकून मराठी माणसाला ख्रिस्ती सण आठवावा हें साहजिक आहे, कारण दोहोंचें मूळ एकच. हिंदुस्थानची वाट शोधीत निघालेल्या वास्को द गामा याला सन १४९७ च्या ख्रिस्तजयंतीच्या सुमारास हा किनारा दिसला, म्हणून पोर्तुगीज भाषेंतील त्या सणाचें नांव त्यानें किनाऱ्याला दिलें. सन १८४३ मध्यें हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला. गोरे वसाहतवाले मूठभर, आफ्रिकन प्रजा कितीतरी पट अधिक, आणि उत्तरेस तुगेला नदीपलीकडे स्वतंत्र झुलू राज्य, अशी तेथील स्थिति होती. सन १८६० पासून उंसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर गिरमिटावर जाऊं लागले, ते याच नाताळांत.

सन १८५४ मध्यें दहा आठवडे हिंडून कोलेन्सो यांनीं मुलूख पाहिला व पुढील वर्षीं ते सहकुटुंब तेथें राहावयास गेले. पीटरमारित्झबर्ग या राजधानीजवळ त्यांनीं आपलें ठाणें वसविलें. तेथील शाळेला ‘एकुखान्येनी’, म्हणजे प्रकाशाचें स्थान, असें नांव होतें. परक्या देशांत धर्म शिकवावयास जाणाऱ्यानें तेथील लोकांची भाषा आधीं शिकली पाहिजे, हें जाणून त्यांनीं झुलू भाषेचें व्याकरण रचलें, सन १८६१ मध्यें झुलू-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि बायबलाच्या भाषांतरास हात घातला. ठाण्यावर छापखाना होता. त्यांत झुलू मुलें खिळे जुळविण्यास शिकलीं. त्यांपैकीं मागेमा फुझे नांवाच्या विद्यार्थ्यानें पुढें आपल्या लोकांचा इतिहास त्यांच्याच भाषेंत लिहिला. तो सन १९२२ मध्यें छापला गेला, आणि झुलू माणसानें झुलू भाषेंत लिहिलेलें पहिलें पुस्तक म्हणून तो ओळखला जातो. बिशपसाहेबांनीं झुलू राजा म्पांडे याची भेट घेतली, तेव्हां बरोबरच्या तीन शिष्यांनीं लिहिलेली प्रवासाची हकीकतही त्यांनीं छापून काढली. ज्या काळीं आफ्रिकन मनुष्याला स्वतःचें म्हणून कांहीं सांगावयाचें असेल हें गोऱ्या समाजास पटत नसे, त्या काळची ही गोष्ट आहे.

लोकांचें ऐकून घेण्याच्या या संवयीमुळें इतर पाद्र्यांशीं त्यांचा पहिला खटका उडाला. झुलू समाजांत एका पुरुषास अनेक बायका असत. ख्रिस्ती व्हावयाचें तर एक ठेवून बाकीच्या सोडल्या पाहिजेत, असा मिशनऱ्यांचा दंडक होता. कोलेन्सो यांनीं विचारलें कीं, ज्या स्त्रियांनीं कांहींच अपराध केला नाहीं, त्यांना व त्यांच्या मुलांना धर्माच्या नांवानें उघड्यावर टाकणें हा कोणता धर्म? बहुपत्नीकत्व त्यांना मुळींच मान्य नव्हतें. परंतु आधीं झालेले संसार मोडूं नयेत, पुढें ही चाल आपोआप बंद पडेल, असें त्यांचें मत होतें.

याहून मोठा प्रसंग भाषांतर करतांना आला. विल्यम न्गिदी नांवाचे एक झुलू गृहस्थ या कामीं त्यांचे साहाय्यक होते. जलप्रलयाची कथा चालली होती. मनूच्या नौकेची कथा ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांना ती परकी वाटणार नाहीं. नोहाच्या तारवांत पृथ्वीवरील सर्व प्राण्यांच्या जोड्या चढल्या, हें वाक्य झुलूंत उतरवितांना न्गिदी थांबले आणि त्यांनीं विचारलें कीं, हें सारें खरें आहे काय? उष्ण देशांतले आणि थंड देशांतले, लहान आणि मोठे, सर्व प्राणी खरोखरच असे जोडीजोडीनें त्या तारवांत आले काय, आणि नोहानें त्या सर्वांना पुरेल एवढें अन्न भरून घेतलें काय?

अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुढें कळेल’ असें सांगून खालीं बसविणें, हा गुरुजींचा फार जुना उपाय आहे. कोलेन्सो यांच्यापुढें तो मोकळा होता. विचारणारा त्यांच्या आश्रयांतला. सांगणारा राजमान्य धर्मपीठाचा बिशप. परंतु लायेल यांचे भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ त्यांनीं वाचलेले होते, आणि साऱ्या पृथ्वीवर असा प्रलय झाला नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. जें स्वतःला खरें वाटत नाहीं, तें विश्वासानें विचारणाऱ्या माणसास देवाच्या नांवानें खरें म्हणून सांगावें काय? तसें करण्यास त्यांचें मन धजेना. शिष्याला उत्तर देण्यापूर्वी स्वतःच अभ्यासास बसले पाहिजे, असा त्यांनीं निश्चय केला.

त्या अभ्यासाचें फळ म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें व यहोशवाचें पुस्तक यांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ. याचा पहिला भाग सन १८६२ मध्यें निघाला व सातवा सन १८७९ मध्यें. पहिल्या भागांत त्यांच्यातला गणिती पुरता जागा झालेला दिसतो. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांत वीस वर्षांवरील पुरुषच ६,०३,५५० होते असें बायबल सांगतें. म्हणजे बायकामुलें धरून एकंदर संख्या वीस लक्षांवर जाते. हे सर्व लोक मंडपाच्या दाराशीं जमले असें वर्णन आहे. परंतु तो मंडप अठरा फूट रुंद. त्याच्या दारासमोर नऊ नऊ पुरुषांची एकेक रांग उभी केली, तर नुसत्या प्रौढ पुरुषांच्याच रांगा सुमारें वीस मैल लांब जातील. त्याच लोकांत प्रथम जन्मलेले मुलगे मात्र २२,२७३ च मोजले गेले. लहानथोर धरून पुरुषांची संख्या नऊ लक्षांच्या घरांत घेतली, तर प्रत्येक आईला चाळीसच्या आसपास मुलगे झाले असले पाहिजेत! असल्या उदाहरणांवरून त्यांनीं दाखविलें कीं, हीं पुस्तकें मोशेनें समकालीन इतिहास म्हणून लिहिलेलीं नसून तीं पुष्कळ नंतर, निरनिराळ्या हातांनीं तयार झालीं. जर्मन पंडितांनीं हें आधींच सांगितलें होतें. परंतु इंग्लंडच्या एका बिशपानें, शाळकरी मुलालाही समजेल अशा आंकड्यांनीं तें मांडावें, हें नवें होतें.

यावरून ते नास्तिक झाले असें मात्र कोणीं समजूं नये. ईश्वराच्या दयेवर त्यांची अढळ निष्ठा होती. किंबहुना, ख्रिस्ताचें नांवही न ऐकतां मेलेले झुलूंचे पूर्वज अनंत काळ नरकांत जळत राहतील, ही शिकवण त्यांना ईश्वराच्या नांवाला काळिमा लावणारी वाटे. सन १८६१ च्या आपल्या एका भाष्यांत त्यांनीं तसें लिहिलेंही होतें. ग्रंथांतील अक्षरापेक्षां ग्रंथांतील धर्म मोठा, हें त्यांच्या म्हणण्याचें सार होय. शब्दप्रामाण्याचा वाद ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना यांतील मर्म निराळें सांगावयास नको.

इंग्लंडांत एकच गहजब झाला. बहुतेक बिशपांनीं त्यांना राजीनामा देण्यास सुचविलें. फ्रेडरिक मॉरिस यांच्यासारखे, ज्यांना ते गुरुस्थानीं मानीत, तेही दूर झाले. मॅथ्यू आर्नल्ड यांनीं हीं गणितें लोकांना उपदेशपर नाहींत, अशा अर्थाची कठोर टीका केली. केपटाऊनचे वरिष्ठ बिशप रॉबर्ट ग्रे यांनीं सन १८६३ मध्यें धर्मसभा भरवून त्यांना पदच्युत ठरविलें. कोलेन्सो यांनीं ग्रे यांचा अधिकारच अमान्य करून प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली; आणि मार्च १८६५ मध्यें निकाल मिळाला कीं, ग्रे यांना असा अधिकार कायद्यानें नाहीं, सबब सर्व कार्यवाही रद्द. पगार अडवून ठेवण्यांत आला होता. तोही पुढील वर्षीं न्यायालयानें मिळवून दिला. तथापि ग्रे यांनीं त्यांच्यावर बहिष्कार पुकारला, आणि सन १८६९ मध्यें त्याच शहरासाठीं मॅक्रोरी नांवाचे दुसरे बिशप नेमून आणले. एका गांवांत एकाच पंथाचे दोन बिशप, एक कायद्याचे व दुसरे धर्मपीठाचे, असा प्रकार कित्येक वर्षें चालला. या तंट्यांतून उद्भवलेले प्रश्न हें जगांतील सर्व अँग्लिकन बिशपांची लँबेथ परिषद सन १८६७ मध्यें प्रथम भरण्याचें एक कारण होय.

या सर्व काळांत नाताळमधील पुष्कळ गोरे लोक कोलेन्सो यांच्याच बाजूस होते. त्यांचीं प्रवचनें ऐकावयास ते गर्दी करीत. बायबलांतील आंकडे चुकले म्हणून मळेवाल्यांचें कांहीं बिघडत नव्हतें. त्यांच्या निष्ठेची कसोटी पुढेंच लागावयाची होती.

हलुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले हा नाताळांत राहत असे. त्याच्या जमातीचे तरुण किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर काम करून मजुरीदाखल बंदुका आणीत. सरकारनें त्या नोंदविण्यास सांगितलें. राजधानींत हजर होण्याचा हुकूम झाला. प्रमुख आला नाहीं, आणि फौज येते असें पाहून आपले लोक व गुरें घेऊन डोंगरांकडे पळाला. ४ नोव्हेंबर १८७३ रोजीं घाटांत चकमक होऊन तीन गोरे व त्यांच्या बाजूचे दोन आफ्रिकन स्वार ठार झाले. वसाहतींत सुडाची लाट उसळली. जमातीचीं घरें जाळलीं, गुरें लुटलीं, अनेक लोक मारले गेले. कांहींही अपराध नसलेली शेजारची पुतिनी जमातही धुळीस मिळविली. प्रमुखावर खटला चालला तो गव्हर्नर पाइन व देशी लोकांचे मुख्य अधिकारी थिऑफिलस शेप्स्टन यांच्यापुढें. जे फिर्यादी तेच न्यायाधीश. आरोपीला आपल्या बचावासाठीं वकिलाची योग्य मदतही मिळूं दिली नाहीं. शिक्षा जन्मठेपेची होऊन त्याची रवानगी रॉबेन बेटावर झाली.

शेप्स्टन हे कोलेन्सो यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र. प्रथम कोलेन्सो यांचा त्यांच्यावरच विश्वास होता. परंतु झुलू व हलुबी लोक बिशपांच्या दाराशीं येऊन निराळीच हकीकत सांगूं लागले. पुन्हां एकदां ताळा पाहण्याची वेळ आली. त्यांनीं एकेक साक्षीदार बोलाविला, त्याच्या भाषेंत त्याची जबानी घेतली, आणि ती खटल्याच्या कागदांशीं ताडून पाहिली. सरकारी दूताला जमातीनें विवस्त्र करून अपमानिलें, हा आरोपांतला मोठा मुद्दा होता. चौकशींत दिसलें कीं, त्याला फक्त वरचे कोट काढावयास सांगितलें होतें, आणि त्याला कारणही होतें. सन १८५८ मध्यें शेप्स्टन यांच्या भावानें दुसऱ्या एका प्रमुखास निःशस्त्र भेटीला बोलावून, लपविलेल्या हत्यारानें त्याला पकडण्याचा प्रयत्न केला होता. ती दगलबाजी लोक विसरले नव्हते. पुढें झालेल्या सरकारी चौकशींतही बिशपांचें म्हणणें मुख्यतः खरें ठरलें.

वीस वर्षांची मैत्री एका बाजूला आणि बेटावरचा एक कैदी दुसऱ्या बाजूला. कोलेन्सो यांनीं कैद्याची बाजू घेतली. सन १८७४ मध्यें वयाच्या साठाव्या वर्षीं ते इंग्लंडला गेले व वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांच्यापुढें त्यांनीं सर्व पुरावा मांडला. पाइन यांना परत बोलाविण्यांत आलें, लांगालिबालेलेला बेटावरून काढून केपच्या मुख्य भूमीवर ठेवण्यांत आलें. पूर्ण न्याय झाला असें नव्हे. स्वदेशीं परत येण्यास त्या वृद्धाला सन १८८७ पर्यंत थांबावें लागलें. पण नाताळच्या गोऱ्या लोकांनीं या कामाबद्दल आपल्या बिशपांना क्षमा केली नाहीं. मोशेवर शंका घेतली तेव्हां जे पाठीशीं उभे होते, ते गव्हर्नरावर शंका घेतांच उठून गेले.

तरी ते थांबले नाहींत. सन १८७८ मध्यें झुलू राज्य व ट्रान्सवाल यांच्या सीमेचा तंटा सरकारी मंडळानेंच बहुतांशीं झुलूंच्या बाजूनें दिला होता. परंतु हायकमिशनर सर बार्टल फ्रियर यांना युद्ध हवें होतें. हे फ्रियर म्हणजे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेलेच गृहस्थ. त्यांनीं राजा केचवायो याला पाळतां न येण्यासारख्या अटी तीस दिवसांत पाळण्यास फर्माविलें, आणि जानेवारी १८७९ मध्यें फौज सरहद्दीपार गेली. २२ जानेवारीस इसान्डल्वाना येथें झुलूंनीं ती तळावर गांठून तेराशेंहून अधिक माणसें कापून काढलीं. त्यांत कोलेन्सो यांच्या घरोब्याचे कर्नल डर्नफर्ड हेही पडले.

वसाहतींत प्रार्थनेचा दिवस जाहीर झाला. १२ मार्च रोजीं आपल्या कॅथीड्रलांत कोलेन्सो प्रवचनास उभे राहिले. शोकानें आणि संतापानें भरलेल्या श्रोत्यांपुढें त्यांनीं मीखा संदेष्ट्याचें वचन घेतलें : न्यायानें वागणें, दयेची आवड धरणें आणि देवापुढें नम्र होऊन चालणें, एवढेंच देव मनुष्याकडे मागतो. मग त्यांनीं विचारलें कीं, झुलूंशीं वागतांना आपण न्याय कोठें केला, दया कोठें दाखविली? आपले लोक पडले त्यांच्यासाठीं आपण रडतों. पण त्यांच्याकडेही बाप, भाऊ व मुलगे पडले आहेत. पराभवाच्या सुतकांत असें बोलण्यास जें धैर्य लागतें, तें रणांगणावरील धैर्याहून निराळें असतें.

पुढें केचवायोचा पराभव होऊन तो केपटाऊनला कैदेंत पडला, तेव्हां कोलेन्सो यांनीं तेथें जाऊन त्याची भेट घेतली. त्याला राज्य परत मिळावें म्हणून त्यांनीं कागदपत्रांचे ढीग छापून काढले. सन १८८२ मध्यें राजा लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीस भेटला व पुढील वर्षीं राज्याचा कांहीं भाग त्याला मिळाला. परंतु देशाचे तुकडे करून आधींच यादवीची बीजें पेरलीं होतीं. तो अनर्थ पुरता पाहण्यापूर्वीच, २० जून १८८३ रोजीं, कोलेन्सो यांनीं देह ठेविला. पीटरमारित्झबर्गच्या कॅथीड्रलांत वेदीसमोर त्यांना पुरलें आहे. पुढील वर्षीं आगींत त्यांचें घरही जळून गेलें. तरी फ्रान्सिस व हॅरिएट या कन्यांनीं त्यांचें व्रत टाकलें नाहीं. हॅरिएट यांनीं केचवायोचा पुत्र दिनुझुलू याच्या दोन्ही खटल्यांत त्याच्यासाठीं जिवाचें रान केलें.

कोलेन्सो यांच्या मर्यादाही होत्या. इंग्रजी राज्य हें स्वभावतः न्यायी असून चुकी कांहीं अधिकाऱ्यांचीच आहे, अशी त्यांची समजूत अखेरपर्यंत पुष्कळशी टिकून होती. त्यांची माया बापाची होती. आणि बाप मुलाला आपल्या बरोबरीचा कचितच मानतो. परंतु त्या काळच्या किती राज्यकर्त्यांनीं प्रजेच्या तोंडचा शब्द सरकारी कागदाइतकाच पुरावा म्हणून धरला, हें पाहिलें म्हणजे त्यांची थोरवी कळते.

त्यांच्या मृत्यूनंतर दहाच वर्षांनीं, सन १८९३ मध्यें, त्याच पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर एका तरुण हिंदी बॅरिस्टरला गोऱ्यांच्या डब्यांतून खालीं उतरविण्यांत आलें. सन १८९९ च्या डिसेंबरांत, त्याच गांधीजींचें हिंदी शुश्रूषापथक बोअर युद्धांतील जखमी इंग्रज सैनिकांना खांद्यावर वाहून नेत होतें, आणि ज्या रणभूमीवरून तें नेत होतें, त्या गांवाचें नांव या बिशपांच्याच नांवावरून कोलेन्सो असें पडलेलें होतें.

त्यांचें अंकगणित आतां कोणत्याही शाळेंत चालत नाहीं, आणि मोशेच्या पुस्तकांविषयींचीं त्यांचीं मुख्य मतें आज पुष्कळ ख्रिस्ती पंडितांना साधारण वाटतात. परंतु विल्यम न्गिदी यांचा प्रश्न जुना झालेला नाहीं. समोर बसलेला शिष्य, मूल किंवा नोकर, ज्याच्याजवळ विचारण्यापलीकडे कांहीं बळ नाहीं, तो मान वर करून ‘हें खरें आहे काय?’ असें विचारतो, तेव्हां त्याला खालीं बसविणें नेहमींच सोपें असतें. कोलेन्सो यांनीं तसें केलें नाहीं, एवढ्यासाठींच त्यांचें चरित्र आपल्या मुलांना सांगावें.